बाबांनी काढलेला एक तरी

नाही, नाही, तो नाही — तो ठेवा खाली. तो माझा नाहीच. तो आमच्या मेहुण्याचा आहे, कसा कोण जाणे या खोक्यात शिरला — ढेकणासारखे असतात त्याचे फोटो, एक निघाला की समजायचं आत आणखी आहेत. बघा ना, बघा तरी, काय आहे त्यात? पोरगं टबात बसलंय, डोक्यावर साबणाचा फेस आणि दात नसलेलं तोंड उघडून हसतंय. झालं. संपला फोटो. जगातल्या प्रत्येक घरात हा फोटो आहे. टब बदलतो, पोरगं बदलतं, फेस तोच. तुम्ही लग्नाच्या फिल्म बनवता, तुम्हीच सांगा, आजवर असे किती टब बघितलेत? — हसताय. हसू नका, मला किळस येते. खरंच येते, सांगण्यापुरती नाही. बसा, बसा असे खुर्चीवर, तो पसारा सरकवा बाजूला, लॅपटॉप त्या स्टुलावर टेकवा. ही आत चहा टाकतेय.

तर आमच्या चिरंजीवांनी नक्की काय सांगितलंय तुम्हाला? मला नीट कळलेलं नाही. त्यानं फोनवर आईला सांगितलं, आईनं मला — आमच्या घरात निरोप असाच फिरतो, अर्धा वाटेत सांडतो. पडदा लावणार, एवढं समजलं. हॉलमध्ये लोक जेवत असणार, तोंडात घास, आणि समोर पडद्यावर आमचा मुलगा रांगणार. मग ती रांगणार — आमची होणारी सून, चांगली आहे पोरगी, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही — मग हा दप्तर घेऊन शाळेत जाणार, मग ती जाणार, आणि मग दोघं एकदम मोठे होऊन कुठल्यातरी बागेत एकमेकांकडे धावत सुटणार, हळूहळू, केस उडवत, मागे पियानो. पियानोच ना? — ठाऊकच होतं मला. अहो, तुम्ही एकच फिल्म बनवलीय आयुष्यात, नुसती तोंडं बदलता तिच्यातली. राग मानू नका, तुमचं पोट आहे त्याच्यावर. पण मला विचाराल तर हे सगळं उष्टं आहे. दुसऱ्यानं चावून टाकलेलं आपण उचलून तोंडात घालायचं आणि वर म्हणायचं, अय्या किती गोड.

तिच्या घरून खोकंभर फोटो आले असतील, येणारच. आणि आमच्या बाजूचे? — कोणाकडून? मामाकडून? म्हणजे ह्याच्याकडूनच, टबवाल्याकडून. कधी आले? — गेल्या आठवड्यात. वा. म्हणजे हिला माहीत होतं. म्हणजे सगळं ठरून गेल्यावर माझ्याकडे आलात तुम्ही. हा मेहुणा म्हणजे काय चीज आहे तुम्हाला कल्पना नाही. मी त्याला 'एकदोनतीन' म्हणतो. कॅमेरा डोळ्याला लावला की ओरडणार, एक, दोन, तीन, हसा — आणि सगळे गाढवासारखे हसणार, हसायला काही झालेलं नसताना. डोकी कापतो, बोटं आणतो मध्ये, कॅमेरा कसला तर खेळण्यातला वाटावा असा, आणि तरी दर रविवारी हजर. या घरात जेवढं हसू झालंय ना, सगळं त्या माणसानं मोजून काढलेलं. माझ्या डोक्यात जायचा. मी आत जाऊन दार लावून बसायचो.

मग झालं की काम, फिल्म तयारच आहे तुमची. माझ्याकडे कशाला पाठवलं त्यानं? — काय म्हणाला? — पुन्हा सांगा. — 'बाबांनी काढलेला एक तरी हवा.' असं म्हणाला? एक तरी? स्वतः म्हणाला की तुम्ही आपलं मला बरं वाटावं म्हणून… — स्वतः म्हणाला. बरं. — नाही, काही नाही, धूळ आहे या खोक्यांत, डोळ्यांत जाते. स्वतः आला असता तर काय बिघडलं असतं? दोन गल्ल्या सोडून राहतो. आला तरी तो स्वयंपाकघरात बसतो, आईशी बोलतो, या खोलीत पाऊल टाकत नाही. लहानपणची सवय असेल. ही खोली तेव्हा त्याला बंदच होती, इथे माझी औषधं असायची, फोटो धुवायची, ट्रे मांडलेले असायचे — मुलांनी हात घातला असता तर? तर ते असो. एक तरी म्हणाला ना? देतो. एकच देतो, पण असा देतो की तुमच्या त्या पडद्यावर बाकी सगळं रद्दीत घालावंसं वाटेल. त्याला कळू दे, बाबा काय करत होते ते.

तुम्हाला वाटत असेल, हा म्हातारा एवढा का कावलाय. त्याला कारण आहे. मी नोकरी काय केली, ठाऊक आहे? ट्रेसर होतो. नकाशांच्या कचेरीत. आता ते कामच उरलं नाही, तुमच्या वयाच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. इंजिनिअर पेन्सिलीनं नकाशा काढायचा, मी त्यावर पातळ कागद अंथरायचा आणि त्याच रेघा शाईनं गिरवायच्या. त्याच. केसभर इकडे नाही, केसभर तिकडे नाही. त्यानं चुकीची रेघ काढली तर मीही चुकीचीच काढायची. आणि चांगला ट्रेसर कोण, तर ज्याचा हात कागदावर दिसत नाही तो. मी फार चांगला होतो हो. साहेब लोक म्हणायचे, तुमचं ट्रेसिंग बघितलं की वाटतं कोणी केलंच नाही. हे कौतुक, बरं का. आयुष्यभर हेच कौतुक ऐकलं मी. घरी यायचो तेव्हा माझी मलाच शिसारी आलेली असायची, वाटायचं, हा हात कापून ठेवावा कचेरीतच. तर कॅमेरा घेतला तेव्हाच मी ठरवलं — इथे गिरवायचं नाही. मेलो तरी गिरवायचं नाही. बटण दाबायच्या आधी स्वतःला एकच विचारायचं, हा कुणी आधी काढलाय का? काढला असेल तर कॅमेरा खाली. सूर्य बुडतोय — खाली. फुलावर थेंब — खाली. म्हातारीच्या सुरकुत्या — खाली. एक रोल मला वर्ष वर्ष पुरायचा. लोक हसायचे. म्हटलं हसा, मला तुमच्यासाठी काढायचेच नाहीत, मला माझं समाधान हवं.

आणि मूल झाल्यावर तर परीक्षाच. मुलाइतकी झिजलेली वस्तू दुसरी नाही कॅमेऱ्याच्या दृष्टीनं. हसलं की फोटो, रडलं की फोटो, झोपलं की फोटो, सगळे काढून झालेले, कोटी वेळा. मी म्हटलं, नाही. मी याचं असं काही काढेन की जे कुणी बघितलेलं नाही. मग सावल्या काढल्या, पावलं काढली, कोपर काढलं. अडचण एकच — पोरगं ऐन वेळेला वळायचं. मी तासभर त्याच्या कानाच्या पाळीमागचा उजेड धरून बसलोय आणि हे वळणार, माझ्याकडे बघणार आणि हसणार. दाबलेलं असायचं बटण. काय करणार? रोल धुतला की मी निगेटिव्हची पट्टी खिडकीसमोर धरायचो आणि ती घरं कात्रीनं कापून टाकायचो. तेवढीच. हसरं तोंड आलं की कच्च. ही एकदा म्हणाली, अहो, मला द्या ते तुकडे. म्हटलं, कशाला, केर वाढवायला? पण मुलगा हुशार हो आमचा, चटकन शिकला. मला कधी ओरडावं लागलं नाही त्याच्यावर. एकदा-दोनदा नुसता हात कपाळावर मारून घेतला असेन मी, तर त्यानं काय ते ओळखलं. पुढे पुढे इतका तयार झाला, की मी कॅमेरा पिशवीतून काढला रे काढला की आपण होऊन तोंड फिरवायचा. भिंतीकडे. आणि तसाच उभा राहायचा, मी झालं म्हणेपर्यंत. चार-पाच वर्षांचा असेल. कुठल्या मुलाला कळतं हो एवढं? मी मंडळात सगळ्यांना सांगायचो.

मंडळ म्हणजे आमचं छायाचित्र मंडळ. नाव काढू नका. काय एकेक नग. एकदा सहल काढली, पहाटे धुक्यात, टेकडीवर एक वाळलेलं झाड आहे म्हणून. गेलो. बघतो तर सगळ्यांनी ओळीनं तिकाटणी मांडलेली, सगळ्यांचे कॅमेरे त्या झाडाकडे, सगळे वाकलेले, एक डोळा मिटलेला. एकानं झाडाखाली भाड्यानं आणलेला म्हातारा उभा केला, खांद्यावर घोंगडं टाकून. सगळ्यांनी तो म्हातारा काढला. मी मागे उभा राहून या सगळ्यांची ओळीनं ढुंगणं काढली. खरं सांगतो, त्या सहलीतला तेवढा एकच नवा फोटो. स्पर्धेला पाठवला तर परत आला, विषय स्पष्ट होत नाही म्हणून. याहून स्पष्ट काय करणार मी? आणि पहिलं बक्षीस कोणाला — घोंगडंवाल्या म्हाताऱ्याला. दर वर्षी तेच. मी पाठवायचो, परीक्षक डोळे बारीक करायचे, आणि बक्षीस म्हाताऱ्याला. एकदाच मला मिळालं, उत्तेजनार्थ, गुडघ्याच्या फोटोला. ते सुद्धा काय म्हणाले माहीत आहे, वाळवंटाचा फार छान आभास. अहो, वाळवंट नाही, मुलाचा गुडघा आहे तो. — नाही, दुसऱ्यांना दाखवायला काढत नव्हतोच मी. ते म्हणालो ना. पाठवायचो आपलं, बघू तरी यांची अक्कल, म्हणून. दर वर्षी पाठवायचो. दर वर्षी वीट यायचा आणि दर वर्षी पाठवायचो.

हे बघा, हा तो गुडघा. ही त्याची सावली, जिन्यावर मोडत मोडत उतरलेली. हा बूट, पावसाळ्यानंतर वाळत ठेवलेला, आत पाय नाही पण पायाचा आकार आहे — बघा, दिसतोय का? हा कान. हा पडद्यामागे लपलाय, नुसतं पडद्याला पोट आलंय. हा पाण्याचा ओला ठसा, पावलाचा, वाळत आलेला, बोटं गेलीत, टाच राहिलीय. — चेहरा? चेहरा नाही. — नाही हो, एकाही नाही. किती वेळा सांगू? चेहरा काढायला काय लागतं? तुमचा तो फोन सुद्धा काढतो, चौकोन करून. — लोकांना ओळखू आला पाहिजे? का? लोकांनी त्याला बघितलेला नाही का? समोर नवरदेव म्हणून उभा असेल की चांगला साडेपाच फुटांचा. वळून बघा म्हणावं.

दाखवा बरं, त्या एकदोनतीननं काय दिवे लावलेत. दाखवा, दाखवा, लॅपटॉपवर असतील ना. — हं. तिरका. — हं. डोकं कापलंय. — हा आंबलेला रंग. — हे काय, केक? घाला, मेणबत्त्याही घाला. ईऽ. मला बघवत नाही, पुढे चला. — थांबा. मागे घ्या. तो, मुकुटवाला. पुठ्ठ्याचा मुकुट घालून कुठे उभा आहे हा? — शाळेत? राजा झाला होता? कधी? मला कसं… अच्छा, त्या वेळी मी मागच्या जिन्यात होतो. त्या शाळेचा जिना फार सुंदर होता, कठड्याच्या सावल्या पडायच्या, दुपारी पाच मिनिटं. ती पाच मिनिटं गाठायची म्हणजे — जाऊ द्या. पुढचे दोन दात पडलेत याचे. ओठ बघा, आत गेलेत. असा दिसायचा? — असाच दिसत असेल. — पुढे. आणि हा कोण मध्येच पाठमोरा उभा, केकच्या मागे? सगळे टाळ्या वाजवतायत आणि हा गृहस्थ भिंतीकडे तोंड करून… — मी. बरं, मी आहे. भिंतीवर उजेडाची तिरीप आली असेल काहीतरी. खरं सांगू का, या सगळ्या घाणीत तेवढी एकच फ्रेम बरी आहे. त्याला कळलंही नसेल काय काढलंय ते.

बंद करा. पुरे. किती हसवलंय पोराला, गाल दुखले असतील त्याचे. — काय? आनंदी दिसतोय म्हणता? कॅमेऱ्यासमोर सगळेच दिसतात. — नाही, असं खोटं खोटं… ते मला कसं सांगता येईल? माझ्याकडे बघून हसलेला मला आठवत नाही. म्हणजे हसायचा असेल, मी डोळा मिटून असायचो एक.

तर आता लक्ष द्या इकडे. तुम्हाला एक दाखवतो. हा मी कुठे पाठवलेला नाही. मंडळाला नाही, स्पर्धेला नाही, कोणा परीक्षकाचे हात लागू दिले नाहीत. हिला सुद्धा दाखवलेला नाही कधी, बायको आहे म्हणून काय झालं. तो वरचा लिफाफा द्या, कपाटावरचा, मोठा. हां. हात पुसा आधी. कडेनं धरा. — बघा. बोलू नका, नुसता बघा.

काय आहे सांगा? — नाही. — भोवरा म्हणालात, जवळ आलात. पाण्याचा नाही. मुलाचं डोकं आहे, वरून, बरोबर डोक्यावरून. मी खुर्चीवर चढलो होतो. खाली जमिनीवर बसून तो काहीतरी खेळत होता, खिडकीतून उजेड आडवा येत होता आणि त्याच्या केसांत हे — बघा, एक भोवरा असा फिरतो, आणि त्याला खेटून दुसरा उलटा. दोन. आणि मधल्या केसांना कळत नाही कुठल्या बाजूला जावं, ते उभेच राहिलेत. श्वास धरला मी. स्वतःला विचारलं, हा कुणी आधी काढलाय का? आणि आतून उत्तर आलं, नाही. आयुष्यात तेवढं एकदाच इतकं स्पष्ट आलं हो. दाबलं. खुर्चीवरून उतरलो. नुसता जाऊन पलंगावर बसलो. लोक विचारतात ना, काय मिळतं तुम्हाला या नादातून, ना पैसा ना नाव — हे मिळतं. त्या दिवशी मी ट्रेसर नव्हतो. रोल संपायला आणखी सात-आठ महिने गेले, पण धुतला तेव्हा हे घर सगळ्यात आधी शोधलं मी. धास्ती एकच, नसेल आला तर काय. आलेला होता. इतकी वर्षं जपलाय. मन फारच विटलं ना, की काढून बघतो. म्हणतो, बाकी सगळं जाऊ दे, माझ्या मुलाचं हे एवढं मी बघितलंय, दुसऱ्या कोणीही बघितलेलं नाही. घ्या. हा लावा. हाच देणार होतो मी त्याला कधीतरी, आता लग्नालाच देतो. पियानो थांबवा तेवढ्यापुरता. खाली लिहा, बाबांनी काढलेला. त्याला कळेल. शब्द न बोलता कळेल त्याला.

आली बघा, चहा आला. ये, ठेव इथे, खोक्यावर नको, स्टुलावर ठेव. आणि ये, तू पण बघ, इतकी वर्षं लपवला तुझ्यापासून, आज बघून घे. आपल्या चिरंजीवांचं डोकं. — काय झालं? — अगं नीट धर, बोटं उमटतील. — काय म्हणालीस? — आपल्या मुलाचं नाही? मग कोणाचं, भुताचं? — कुठल्या नर्सबाई? वरच्या मजल्यावरच्या? — हो, त्यांचा मुलगा असायचा आपल्याकडे, त्या ड्यूटीवर गेल्या की. म्हणून काय झालं? हा तो नाही. हा आपला. — दोन आहेत ना, मलाही दिसतायत दोन, त्याचसाठी तर… — आपल्याला एकच आहे? — तुला काय ठाऊक? — हं. — रोज विंचरायचीस. हं. बरोबर. तेल लावायचीस.

तुम्ही चहा घ्या हो, गार होईल. हिला असं मध्येच काहीतरी आठवतं. — नाही, म्हणजे समजा असेल. समजा हं. नर्सबाईंच्या मुलाचं डोकं आहे असं समजू. फोटो बदलला का? उजेड बदलला? मधले केस उभे आहेत ते आडवे झाले? चांगला फोटो चांगलाच असतो, तो कोणाच्या डोक्याचा आहे हा प्रश्न मंडळातली माणसं विचारतात, एकदोनतीन विचारतो. लावा तुम्ही. हाच लावा. खाली काय लिहिणार आपण — बाबांनी काढलेला. ते खोटं आहे का? काढलाय मीच ना? आणि कळणार कोणाला? पाहुणे जेवत असतील, त्यांना मुलाचे भोवरे पाठ आहेत होय?

काय? — त्याला कसं कळेल? स्वतःचं डोकं वरून कोण बघतं? — नर्सबाईंचा तो मुलगा अजून दोस्त आहे त्याचा, असेल. लग्नाला येणार आहे, येऊ दे की. — नाही, तू असं तोंडातल्या तोंडात बोलू नकोस, नीट सांग, हे बाहेरचे आहेत म्हणून नको अडखळू. — तिथेच होता? कोण, आपला? — दोघं खेळत होते खाली. बरं. मग? — मी म्हणालो? — मी, सरक म्हणालो त्याला? — उजेडात येत होता म्हणून. हो, येत असेल, आडवा उजेड होता तो, जरा कोणी मध्ये आलं तरी… — आणि मग? — तो उठला. — भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. — तोंड फिरवून. — त्याला वाटलं, आता त्याचा काढणार. — किती वेळ? — तू येऊन नेईपर्यंत.

मला नाही आठवत असं काही.

मी खुर्चीवर होतो. मला वरून तेवढंच दिसत होतं.

नको, राहू दे ते, तू जा आत. जा. — अहो, तुम्ही तो द्या इकडे. द्या. कडेनं धरा, म्हटलं ना. आणि तो लॅपटॉप मिटा, चहा राहिला तर राहू दे. फिल्म आहे तशीच लावा, एकदोनतीनचे लावा सगळे, टबातला सुद्धा लावा, तो पडलाय बघा तिथे, घेऊन जा. आणि त्यानं विचारलं, एक तरी दिला का, तर सांगा — बाबांनी शोधला, सापडला नाही. एवढंच सांगा. बाकीचं नका सांगू. निघा आता.